खिडकीवरची तारीखबाई

मुलांच्या सरकारी दवाखान्यात, बालविकास विभागाच्या खिडकीवर ती एकोणीस वर्षं बसली आहे, आणि त्यातल्या पहिल्या सतरा वर्षांत तिला कोणी चार चांगले शब्द बोलल्याचं ऐकिवात नाही. तिचं काम तारखा देण्याचं. मूल बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, चार मुलांत मिसळत नाही, म्हणून आईबाप नेहमीच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन यायचे. काचेखालच्या फटीतून ती चिठ्ठी आत घ्यायची, तारखेचा शिक्का मारायचा, नोंदवहीत नाव चढवायचं आणि मोठ्या मॅडम मूल कधी तपासतील ते सांगायचं. ते असायचं चौदा महिन्यांनी. चौदा महिने काही तिने ठरवले नव्हते, पण सांगणारं तोंड तिचं, त्यामुळे शिव्याही तिच्याच वाट्याला. तारीखबाई हे नाव कुठल्याशा संतापलेल्या बापाने ठेवलं म्हणतात. तिच्या कानावर ते आलं तेव्हा ती म्हणाली, "बाई तरी म्हणाला ना? एवढ्या रागात सुद्धा रीत सोडली नाही बिचाऱ्याने."

बाई अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत. डॉक्टर मंडळी पेनं पळवतात म्हणून तिची पेनं टेबलाला दोऱ्याने बांधलेली. नोंदवही तर बघत राहावी अशी. अक्षर मोत्यासारखं, कुठे खाडाखोड नाही, शिक्का कधी वाकडा नाही. तपासणीला वरून कोणी साहेब आला की इतर खिडक्यांवरच्या लोकांचे धाबे दणाणायचे. ही मात्र वही उघडून त्याच्यापुढे सरकवायची आणि खुशाल चहा प्यायची. या वहीचा तिला भारी अभिमान होता. आणि सगळा घोळ त्या वहीतच होता, हे तिला कळायला सतरा वर्षं लागली.

घोळ असा. जे मूल हाकेला ओ देत नाही त्याला ऐकू येतं की नाही हे आधी बघावं लागतं. तेव्हा कान तपासल्याचा अहवाल चिठ्ठीसोबत हवा. शिवाय जन्मतारीख हवी, पत्ता हवा. यातलं काही कमी असलं तर बाई ती चिठ्ठी "परत" असं लिहिलेल्या ट्रेमध्ये टाकायची आणि दुपारी टपालाने डॉक्टरकडे धाडून द्यायची. कागद पुरे होऊन चिठ्ठी पुन्हा आली की त्या दिवसाचा नवा शिक्का, आणि नाव रांगेच्या शेवटी. तिच्याआधी त्या खुर्चीवर बसणाऱ्या जुन्या कारकुनाने तिला तीन दिवसांत काम शिकवलं होतं, त्यात हेही शिकवलं. तिने कधी का म्हणून विचारलं नाही. शिकवलेलं काम चोख करणाऱ्यांची हीच तर पंचाईत असते.

मग एका सकाळी शिंपी आला.

गळ्यात मोजपट्टी तशीच, म्हणजे दुकानातून अर्ध्या कामावरून उठून आलेला. सोबत साडेतीन वर्षांची लेक, घरात तिला बिट्टी म्हणायचे. बिट्टी आली ती थेट जमिनीवर बसली आणि फरशीच्या दोन लाद्यांमधल्या रेघेवरून बोट फिरवू लागली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. बापाने दोनदा हाक मारली. पोरीने मान वर केली नाही.

शिंप्याने मुलीची चिठ्ठी फटीतून आत सरकवली. तिच्यावर तीन शिक्के.

"बाई, हे तिन्ही शिक्के तुमचेच ना?"

"माझेच."

"मग यातली माझ्या मुलीची तारीख कोणती?"

"शेवटची. पहिल्या वेळी कानाचा कागद नव्हता. दुसऱ्या वेळी होता, पण सहा महिन्यांपेक्षा जुना झाला होता. शिवाय तुमच्या डॉक्टरांनी जन्मतारीखच लिहिली नव्हती. आता सगळं नीट आहे." आणि बाईने चौदा महिन्यांनंतरची तारीख सांगितली.

तो आरडाओरडा करेल म्हणून ती सावरून बसली होती. त्याने आवाज चढवला नाही. "पहिल्या शिक्क्याच्या वेळी ही दोन वर्षांची होती," तो म्हणाला. "आता साडेतीनची आहे. तुम्ही बोलावता तेव्हा पावणेपाचची होईल. मी कपडे शिवतो, बाई. शर्टाला एक बटण नाही म्हणून मी गिऱ्हाईकाला परत पाठवत नाही. बटण लावतो."

एवढं बोलून त्याने मुलीला उचललं आणि तो गेला. बाईने पुढच्या माणसाची चिठ्ठी घेतली, शिक्का मारला. पण त्या दिवशी तिचा डबा तसाच राहिला. कोणी तोंडावर शिव्या घातल्या असत्या तर तिने त्याच्या दुप्पट परत केल्या असत्या. त्यात ती तरबेज होती. हे बटण मात्र तिच्या डोक्यातून जाईना.

दुपारी दोनला खिडकी बंद होते. त्या दिवशी खिडकी बंद करून तिने कपाट उघडलं आणि रांगेतली एकेक चिठ्ठी काढून बघायला लागली. तीन दुपारी लागल्या. रांगेत मुलं होती बाराशे बारा. त्यातल्या एकशे अठरा मुलांच्या चिठ्ठ्यांवर एकाहून जास्त शिक्के होते. एका मुलाच्या चिठ्ठीवर तर पाच. आणि सगळे शिक्के कसे सरळ, एका ओळीत, जसे काही छापखान्यात छापलेले. बाईला स्वतःची लाज वाटली. इतकी की कपाटाचं दार लावताना तिला आपल्या हातांकडे बघवेना.

तिचा नवरा पोस्टमन. संध्याकाळी चहा घेताना तिने त्याला सगळं सांगितलं. हे नवल होतं, कारण खिडकीवरचं काही घरात आणायचं नाही असा तिचाच दंडक होता.

"अहो, एवढं करून मुलं येतात तरी का?" ती म्हणाली. "आठवड्याला वीस मुलांना बोलावते. पाचसहा येतच नाहीत. महिनाभर आधी आठवणीचं पत्र पाठवते, तरी नाही. मी आपली लाल पेन्सिलीने गैरहजर लिहिते. काय बेफिकीर आईबाप आहेत!"

पोस्टमनने कप खाली ठेवला. "अगं, तुझी पत्रं पोचतच नाहीत. दर आठवड्याला गठ्ठा परत येतो. कोणी घर बदललंय, कोणाचा पत्ता चुकलाय. चौदा महिन्यांत लोक काय एका जागी बसून राहतात? मीच तो गठ्ठा तुमच्या दवाखान्याच्या आवक टेबलावर देतो."

"आणि मला कधी सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल. आणि तू घरात दवाखान्याचा विषय कुठे काढू देतेस!"

एकाच छपराखाली राहून ही दोघं एकाच पत्राची दोन टोकं धरून बसली होती, आणि एकमेकांना अवाक्षर बोलली नव्हती. आधी तिला राग आला, मग हसू आलं, आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आठवड्याला पाचसहा जागा रिकाम्या जातात. इकडे एकशे अठरा मुलं तिच्याच शिक्क्यांमुळे मागे पडली आहेत.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या मॅडमकडे गेली. मॅडम विभागाच्या प्रमुख. उभ्या उभ्या जेवायच्या आणि चालता चालता सह्या करायच्या, त्यांच्यापुढे बोलायचं म्हणजे धावत्या गाडीत चढण्यासारखं. बाईने आडपडदा न ठेवता सांगितलं, "मॅडम, एक चूक झाली आहे आणि ती माझी आहे. सतरा वर्षांची आहे."

मॅडमचा घास हातातच राहिला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "चिठ्ठी परत आली की नवी तारीख, हा नियम आहे कुठे?"

दोघींनी मिळून परिपत्रकांच्या फायली उपसल्या. नियम कुठेच नव्हता. जुन्या कारकुनाची ती सवय होती, त्याने तिच्या हातात दिली आणि तिने तळहातावरच्या फोडासारखी जपली. मॅडमनी शेवटची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "यांना जुन्या तारखा परत दिल्या तर ज्यांचे कागद पहिल्यापासून नीट होते ती मुलं मागे जातील. त्यांचं काय?"

"कोणालाच मागे ढकलायचं नाही. ज्या जागा रिकाम्या जातात त्या भरायच्या. पत्र नाही, फोन करायचा. सकाळी कोणी आलं नाही की जो तासाभरात पोचू शकतो त्याला बोलवायचं."

"आणि हे करणार कोण?"

"जिने केलं तीच निस्तरणार."

मॅडमनी तीन महिने दिले. तेवढ्यात रांग हलली तर पद्धत कायम, नाहीतर वरचे साहेब नव्या भानगडी चालू देणार नाहीत; पहिले पाढे पंचावन्न. म्हणजे त्या एकशे अठरा मुलांचं जे काही व्हायचं ते या तीन महिन्यांत व्हायचं होतं.

बाईने कंबर कसली. त्या एकशे अठरा घरांना फोन केले; कोण कुठे राहतं, किती वेळात पोचतं, कोणाला बस बदलावी लागते, सगळं एका तक्त्यावर मांडलं. लोकांचा विश्वासच बसेना. "सरकारी दवाखान्यातून स्वतःहून फोन? खरं सांगा, कोण बोलतंय?" एका आजीने तीनदा फोन आपटला आणि चौथ्यांदा म्हणाली, "हे बघ बाई, आमच्याकडून तुला काही मिळायचं नाही." तारीखबाईने तिलाही वठणीवर आणलं.

मग कान. कान तपासायची खोली त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, पण तिची खिडकी वेगळी आणि रांग वेगळी, तीही चार महिन्यांची. तिथला तंत्रज्ञ म्हणजे महा आडमुठा. सगळे त्याला कानवाले म्हणायचे आणि नेमकं त्यालाच कोणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती. "माझी रांग वेगळी, तुमची वेगळी," तो म्हणाला.

"गुरुवारी दुपारी तुमच्या खोलीला कुलूप असतं," बाई म्हणाली. "दोन तास. मी तीन गुरुवार जिन्यात उभी राहून बघितलंय."

कानवाल्यांनी आधी कानावर हात ठेवले, मग कपाळाला लावले, आणि चौथ्या गुरुवारपासून दुपारी दोन ते चार तिच्या मुलांसाठी खोली उघडायला लागले. आता चिठ्ठीसोबत अहवाल नसला तरी बाई चिठ्ठी ठेवून घ्यायची, पहिल्याच दिवसाचा शिक्का मारायची आणि कानाची वेळ स्वतः लावून द्यायची. जन्मतारीख राहिली असली तर आईला विचारायची. आईला आपल्या लेकराची जन्मतारीख माहीत असते, हा शोध या खात्याला सतरा वर्षांनी लागला! विभागात सगळे त्या कामाला "बटण लावणं" म्हणू लागले.

शिंप्याला तिने सगळ्यात आधी बोलावलं असतं तर कोणी तिला बोल लावला नसता. तिने तसं केलं नाही. पहिल्या शिक्क्याप्रमाणे बिट्टीचा नंबर अकरावा लागत होता. बाईने आधीच्या दहांना बोलावलं, एकेक करून, आणि तिसऱ्या आठवड्यात अकराव्याची पाळी आली. साडेअकराची जागा रिकामी झाली तेव्हा घड्याळात पावणेअकरा झाले होते. तिने शिंप्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. दुकानात चार मशिनी एकदम धडधडत असणार. बाराव्या नंबरला बोलवावं का? मग तिने नवऱ्याला फोन केला.

"कुठे आहात?"

"टपाल वाटतोय. कुठे असणार?"

"शिंप्याच्या दुकानात जा आणि बाप-लेकीला घेऊन या. आत्ताच्या आत्ता."

अकरा वाजून वीस मिनिटांनी पोस्टमन घामाघूम होऊन दारात उभा. मागे शिंपी, त्याच्या कडेवर बिट्टी. "नोकरीत पहिल्यांदाच हसतंखेळतं टपाल पोचवलंय," तो म्हणाला. "सही कुठे करताय?" बाईने त्याला पाणी दिलं आणि बाहेर घालवलं, पण तिला त्याचा किती अभिमान वाटला ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

मॅडमनी दीड तास घेतला. बिट्टीशी जमिनीवर बसून खेळल्या, बापाला खोदून खोदून विचारलं. शिंपी बाहेर आला तो खिडकीपाशी येऊन थांबला. "ऑटिझम आहे म्हणाल्या. स्वमग्नता. माझी आई म्हणायची, लाडाने बिघडवलंय. शेजारी म्हणायचे, मुकी आहे. आणि मी म्हणायचो, माझंच काहीतरी चुकतंय. निदान कळलं तरी." त्याच्या हातात आणखी एक चिठ्ठी होती. थेरपीची. ती खिडकी कोपऱ्यात, तिथली रांग आठ महिन्यांची.

ते बघून बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. एका रांगेतून काढून दुसऱ्या रांगेत उभं करायचं, याला उपचार म्हणायचं! ती चिठ्ठी घेऊन थेरपीच्या खोलीत गेली. तिथल्या थेरपिस्ट ताई तशा भल्या होत्या, पण एकट्या होत्या. तासभर डोकं खाजवून दोघींनी तोड काढली: दर शुक्रवारी चार घरांना एकत्र बसवायचं. मुलाशी कसं बोलायचं, त्याच्या खेळात आपण कसं शिरायचं, शब्द नसतील तर चित्रं दाखवून कसं मागायला शिकवायचं, हे आईबापांना शिकवायचं, म्हणजे पाळी येईपर्यंत घरी काम सुरू होतं. पहिल्या शुक्रवारी चारांत एक शिंपी होता.

त्या दिवशी बाईने त्याला गाठलं. "दादा, ते तीन शिक्के... मला माफ करा."

शिंप्याने थोडा विचार केला. तो गोड बोलणारा माणूस नव्हता. "माफ करणं मला जमायचं नाही, बाई. ते दीड वर्ष माझं नव्हतं, माझ्या पोरीचं होतं. पण पुढच्याला परत पाठवू नका."

"नाही पाठवणार," बाई म्हणाली.

तीन महिने संपले तेव्हा एकशे अठरातली नऊ मुलं राहिली होती आणि चौदा महिन्यांची रांग नऊवर आली होती. मॅडमनी आकडे बघितले, दोनदा बघितले, आणि वरच्या साहेबांकडे स्वतः गेल्या. पद्धत कायम झाली, तपासणीला आठवड्यातला आणखी एक दिवस मिळाला, थेरपीच्या खोलीत दुसरी ताई आली. आज, दोन वर्षांनी, चिठ्ठी दिल्यापासून पाच आठवड्यांत मूल तपासलं जातं आणि त्याच महिन्यात शुक्रवारच्या घोळक्यात बसतं. इतर दवाखान्यांतले कारकून आता तिच्याकडे शिकायला येतात. त्यांना ती पहिल्या दिवशी आपली जुनी वही दाखवते, ते सुंदर अक्षर, ते सरळ शिक्के, आणि म्हणते, "बघून घ्या. इतकं चोख काम करून मी एकशे अठरा मुलं मागे पाडली." पोरं खाली मान घालून लिहून घेतात. वर्षभरातला सगळ्यात चांगला कर्मचारी म्हणून दवाखान्याने तिचा सत्कार केला तेव्हा टाळ्या सगळ्यात जोरात कानवाल्यांनी वाजवल्या.

बिट्टी आता साडेपाचची आहे. शब्द मोजकेच, पण चित्रांची वही गळ्यात अडकवून हिंडते आणि पाणी, झोका, घर, नको, हे सगळं ठणकावून सांगते. "नको" तर विशेष. मागे एका शुक्रवारी तिने बापाचा हात धरून त्याला खिडकीपाशी ओढत आणलं, काचेतून आतल्या पंख्याकडे बोट दाखवलं आणि मग वळून बापाच्या तोंडाकडे बघितलं, याला दिसला का म्हणून. शिंपी खिडकीशी उभा राहून रडला. बाई आत बसून रडली. मागचा माणूस म्हणाला, "काय झालं? पंखा बंद पडला का?"

गेल्या सोमवारची गोष्ट. एक आई आली, कडेवर दोन वर्षांचं लेकरू, खांद्याला फुगलेली पिशवी, आणि ओठ असे मिटलेले की बाईने लगेच ओळखलं, ही घरून ठरवून आली आहे.

"कानाचा कागद नाहीये," आई आल्या आल्या म्हणाली. "मला माहितीये तुम्ही परत पाठवणार. पण मी जाणार नाही. मी इथेच बसेन."

"बसा की. गुरुवारी दुपारी दोनला कान तपासतील, दुसऱ्या मजल्यावर. पुढच्या महिन्यात पहिल्या मंगळवारी मोठ्या मॅडम बघतील."

"पुढच्या... याच वर्षी?"

"याच."

आईचे डोळे भरून आले आणि ती चिडूनच म्हणाली, "मी भांडायची तयारी करून आले होते! माझ्या बहिणीच्या मुलीला तुम्ही चार वेळा परत पाठवलं, तीन वर्षांपूर्वी. बहिणीने कंटाळून नाद सोडला."

रांगेत सात माणसं होती. सगळ्यांनी कान टवकारले. आधीच्या कारकुनाचं नाव पुढे करता आलं असतं. तो बिचारा निवृत्त होऊन कधीच गावी गेला होता. बाईने तसं केलं नाही.

"ती मीच," ती म्हणाली. "भांडा तुम्ही. तुमचं बरोबर आहे, मी ऐकून घेते. पण आधी सांगा, ती मुलगी आता केवढी आहे?"

"सात वर्षांची."

"कुठे दाखवलं पुढे? काही थेरपी?"

"कुठेच नाही. घरातच असते."

"बहिणीचा नंबर द्या."

आईने नंबर सांगितला. बाईने तो सगळ्या रांगेसमोर लावला. बराच वेळ वाजल्यावर पलीकडून एका दमलेल्या आवाजाने विचारलं, "कोण?"

"मी मुलांच्या दवाखान्याच्या खिडकीवरून बोलतेय," तारीखबाई म्हणाली. "तुमच्या मुलीला चार वेळा परत पाठवलं, ती मी. ताई, तिला घेऊन यायला तुम्हाला किती वेळ लागेल?"